बटणांखालची चॉकलेटं

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे, आणि सध्या कुणावर तरी चिडलेला आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर खुशाल उठून जा.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यावर निळी फुलं होती. एका शिंपीणबाईच्या घरी आलो आणि शिलाई मशीनशेजारी बसलो. तिने माझे काय लाड केले! कोट शिवून झाला की बिस्कीट, नवऱ्याशी भांडण झालं की बिस्कीट, गिऱ्हाईक खूश झालं तरी बिस्कीट. पाहुण्यांसमोर ती मला थोपटून म्हणायची, की हाच माझा खरा सोबती.

मग तिचा गुडघा गेला. मशीनचं पायडल मारताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, की आधी वजन उतरवा, मगच ऑपरेशन. ते झालं नाही, तर मशीन विकावं लागणार होतं. त्या दिवशी घरी येऊन तिने पहिल्यांदा मला शिव्या घातल्या. माझ्यामुळेच तिचं वाटोळं झालं म्हणे. मी काय चालत तिच्या तोंडापर्यंत गेलो होतो? चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिने मला रिकामं केलं आणि माझ्यात बटणं भरली. आता गोडाचा कणही चालणार नाही, असं तिने घरभर जाहीर केलं. आठवडाभरात त्याच बटणांखाली चॉकलेटं आली. बटण शोधायच्या निमित्ताने ती माझ्यात हात घालायची आणि तोंड भिंतीकडे करून, न चावताच गिळायची. आता मोडलंच आहे तर मोडलं, असं पुटपुटत सगळी संपवायची. चव तिला कळतही नसावी. नंतर रडायची आणि झाकण माझ्यावर आपटायची. मला तिची किळस येऊ लागली.

उन्हाळ्याच्या एका दुपारी चॉकलेट वितळलं. त्याच बोटांनी तिने एका गिऱ्हाइकाच्या, बँडमास्तरच्या, पांढऱ्या कोटाला बटण लावलं. संध्याकाळी त्याला तोच कोट घालून वाजवायचं होतं. छातीवरचा तपकिरी डाग त्याने बघितला. कोट टेबलावर टाकून निघून गेला. तिने मला उचलून फरशीवर आपटलं.

बटणं आणि चॉकलेटांच्या चांद्या खोलीभर पसरल्या. तिची नणंद दारात उभी होती. या बाईच्या जिभेला हाड नाही.

"डब्याला काय बडवता, वहिनी?" ती म्हणाली. "लपवून खाता, म्हणून संपेपर्यंत खाता. उद्यापासून ताटलीत घ्या, आमच्यासमोर बसा आणि चावून खा."

"मी एकावर थांबेन असं वाटतं तुम्हाला?"

"उद्या परत मिळणार असेल, तर थांबाल. आणि एखाद्या दिवशी नाही थांबलात, तर पुढचं जेवण नीट जेवा. त्यात रडायचं काय?"

पहिल्या दिवशी तिने तीन खाल्ली आणि चोरासारखी सगळ्यांकडे बघत राहिली. बाकीचे आपापलं जेवत राहिले. पुढे एकावर आली. कधी कधी ताटली तशीच राहायची. कोट शिवून झाला की ती आता नुसते पाय ताणून बसते. वजन रडतखडत उतरलं, पण उतरलं. ऑपरेशनची तारीख मिळाली.

निघायच्या सकाळी ती माझ्याजवळ आली. आत दोन चॉकलेटं होती. "असू देत," ती नणंदेला म्हणाली, "आल्यावर खाईन." आणि शांतपणे गेली.

माझी माफी मात्र तिने मागितली नाही, आणि मीही तिला माफ केलेलं नाही. मित्रांनो, डब्याला सोबती म्हणू नका आणि वैरीही म्हणू नका. आम्हाला नीट ठेवा, आपटू नका. त्या दिवशी माझ्या काठाला असा पोचा पडला, की आता झाकण बसतच नाही. आत काय आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. तिचं त्यानेच भलं झालं. दुखतं ते मला.