मूत्रपिंडाचा उभा छेद

"एवढं एकच काढून दे ना यार. मूत्रपिंड," कप्तान म्हणाला आणि त्यानं आपलं जीवशास्त्राचं जर्नल मुलाच्या बाकावर सरकवलं. "मी काढायला गेलो की त्याची चप्पल होते. मॅडमची सही नसेल तर शनिवारच्या मॅचला सोडणार नाहीत मला."

मुलगा हसला. हसण्यासारखं चपलेत फारसं काही नव्हतं, पण कप्तानानं त्याला हाक मारली होती ती नावानं, आईवडिलांनी ठेवलेल्या नावानं. अख्ख्या वर्गात असं करणारा कप्तान एकटाच. बाकीच्यांसाठी तो गेली दोन वर्षं 'ताई' होता. चालणं बायकी, बोलताना हात फार हलतात. एवढ्या भांडवलावर मागच्या बाकावरच्या लांब्यानं त्याचं बारसं उरकून टाकलं होतं. "ताई, सावकाश हं, पाय मुरगळेल!" हे रोजचं. दोनदा त्याचं दप्तर मुलींच्या स्वच्छतागृहात टाकलं होतं, आणि तो ते आणायला आत जातो की नाही हे बघायला सगळं टोळकं दाराशी उभं होतं. डबा तो प्रयोगशाळेमागच्या जिन्यावर बसून खायचा. तिथं कोणी येत नसे.

घरी खरीखुरी ताई होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. तिला त्या नावानं हाक मारणं त्यानं हळूहळू सोडूनच दिलं होतं. 'अगं', 'ऐक ना' ह्यावर भागवायचा. "मी तुझं काय घोडं मारलंय रे? हाकसुद्धा मारत नाहीस," असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा "कुठं काय" म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

कप्तान त्याला आवडायचा. मित्र आवडतो तसा नाही. हे त्याला आठवीत कळलं होतं आणि कळल्यावर तो दोन दिवस तापानं पडून होता. कप्तानाच्या कोपरावर खरचटल्याची जुनी खूण होती, विचार करताना तो पेन्सिलीचं मागचं टोक चावायचा, आणि मैदानावरून आला की नळाखाली डोकं धरून मग कुत्र्याच्या पिल्लासारखं झटकायचा. मुलाला हे सगळं पाठ होतं. ह्यातलं काही आपल्याला मिळणार नाही, हेही पाठ होतं. कप्तानाला समोरच्या शाळेतली एक मुलगी आवडायची, आणि हे त्यानं मोठ्या विश्वासानं मुलालाच सांगितलं होतं. मुलाचं मागणं म्हणाल तर एवढंच होतं: आपलं नाव त्याच्या तोंडी राहू दे. दिवसातून एकदा, सहज. बाकी काही नको.

त्या संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी बसला. लोक प्रेमापोटी काय काय करतात. ह्याच्या वाट्याला मूत्रपिंड आलं. आधी फिकट बाह्यरेषा. मग आतला भाग, पंख्याच्या पात्यांसारखे पसरलेले त्रिकोण. छटा रेघा मारून द्यायची नाही, ठिपक्यांनी द्यायची, असा मॅडमचा नियम. मुलानं ठिपके दिले. कडेला दाट, आत येताना विरळ, शेकड्यांनी. नावं लिहिताना कप्तानाचं तिरपं अक्षर हुबेहूब उचललं. कप्तान शब्दावरची रेघ शेवटच्या अक्षराच्या आधीच सोडून देतो, तीही तशीच सोडली. इतकं सगळं सांभाळलं आणि एक गोष्ट राहिली. त्याला स्वतःलाही तेच जर्नल द्यायचं होतं. ते त्यानं सकाळी बूट घालता घालता दहा मिनिटांत खरडलं.

जीवशास्त्राच्या मॅडम मनानं वाईट नव्हत्या, फक्त भाबड्या होत्या. चौथ्या तासाला त्यांनी कप्तानाचं जर्नल उंच धरलं.

"असं चित्र मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही. ये, फळ्यावर काढून दाखव सगळ्यांना."

कप्तान उठला. खडू घेतला. फळ्यावर चप्पल झाली.

वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कुणी काढून दिलं?"

तेवढ्यात लांब्या उठला, मॅडमच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातून त्यानं मुलाचं जर्नल बरोबर उपसून काढलं आणि उघडून ठेवलं.

"हे बघा ना मॅडम. कप्तानाचं जर्नल काल ताईनं घरी नेलं होतं. आणि हे ताईचं स्वतःचं."

मॅडमनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. एकीकडे ठिपक्यांनी भरलेलं, श्वास रोखून काढल्यासारखं चित्र. दुसरीकडे वेडावाकडा गोळा, मूत्रवाहिनी अर्धवट सुटलेली. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी मनापासून विचारलं, "अरे, दुसऱ्याचं इतकं जीव ओतून काढलंस, आणि स्वतःचं असं? का रे?"

मागून कोणीतरी "ओहोऽऽ" केलं आणि सगळा वर्ग फुटला. दोन वर्षं जे नुसतं चिडवणं होतं, त्याला आता पुरावा मिळाला होता. बाकं बडवली गेली. लांब्यानं कप्तानाकडे बघून डोळा मारला. "काय कप्तान, कधीपासून चाललंय?"

कप्तानाचे कान लालबुंद झाले. तो अजून फळ्यापाशीच उभा होता. त्यानं मुलाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित जमलं नसतं.

"मी नव्हतं सांगितलं, मॅडम," तो म्हणाला. "ही ताईच माझ्या मागे लागली होती."

ह्यावर जो हशा झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असेल. मुलाला तो नीट ऐकूच आला नाही. त्याला एकच शब्द ऐकू आला होता, आणि तो ज्या तोंडून आला होता त्या तोंडून तो येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"खरं आहे हे?" मॅडमनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. मग कप्तानाची मॅच गेली असती.

"हो," मुलगा म्हणाला.

"दोघांनी उद्या आपापल्या हातानं काढून आणायचं," मॅडम म्हणाल्या आणि जर्नलं परत दिली. शाळा सुटल्यावर नळापाशी कप्तान दिसला. ह्याला येताना बघून त्यानं ओलं डोकं तसंच ठेवलं आणि मैदानाकडे पळत गेला.

घरी आल्यावर मुलगा बराच वेळ बुटांसकट बसून राहिला. मग हातपाय धुतले, टेबलाशी आला, जर्नल उघडलं. पेन्सिल बोथट झाली होती. आत ताई दुकानातून आणलेल्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करत होती.

"ताई," त्यानं हाक मारली. "पेन्सिलीला टोक करून दे ना."

ती दारात येऊन उभी राहिली. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पेन्सिल घेतली, ब्लेडनं बारीक टोक काढलं, आणि समोरची खुर्ची ओढून आपले स्क्रू घेऊन तिथंच बसली.

त्यानं नवं पान घेतलं. फिकट बाह्यरेषा काढली. मग ठिपके द्यायला लागला, कडेला दाट, आत विरळ. घाई केली नाही. मध्ये एकदा पानावर पाणी पडलं, ते त्यानं बाहीनं टिपलं आणि तेवढा भाग वाळेपर्यंत थांबला.

चित्र पुरं झालं तेव्हा खाली कोपऱ्यात त्यानं पट्टीनं एक रेघ आखली. त्या रेघेवर, स्वतःच्या सरळ अक्षरात, आपलं नाव लिहिलं. वरची रेघ शेवटच्या अक्षरापर्यंत नेली.