हात सोडून कुठेही

"पुन्हा," खांबावरच्या स्पीकरमधून बापाचा आवाज आला.

टीरानं व्हायोलिनचा गज तारेवर ठेवला. चर्चमधला हीटर सकाळपासून बंद होता. त्याच्या नळ्या तापल्या की टकटक वाजतात, आणि मायक्रोफोनला तेवढंही खपत नाही. बाहेर फेब्रुवारीतलं बर्फ, आत दगडी भिंती. ती कोट घालूनच वाजवत होती. युद्धाच्या वर्षांत कुणीतरी एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली ती रचना, आणि तिचा शेवटचा भाग म्हणजे नुसती कापाकापी. गजाच्या लाकडानं तारा बडवायच्या, बोटानं तार अशी खेचायची की ती सुटून फट्‌कन आपटली पाहिजे.

"पुन्हा. व्हायोलिन वाजवतेयस की भांडी घासतेयस?"

पहिल्या बाकावर तिचा धाकटा भाऊ योआर मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि हातांत लोकरी मोजे घालून बसला होता. रेकॉर्डचा पहिला अर्धा भाग तिच्या व्हायोलिनचा, दुसरा त्याच्या गिटारचा. त्याचं हे पहिलंच रेकॉर्डिंग. चर्च आजच्यापुरतंच मिळालं होतं, उद्या तिथे कुणाचा तरी अंत्यविधी होता. उजव्या हाताची नखं त्यानं महिनोन्‌महिने वाढवून, घासून तयार केली होती. गिटारवाल्याचा आवाज नखांत असतो. एक तुटलं की तो मुका झाला.

"ताई, मला थोडी संध्याकाळ शिल्लक ठेव की," तो हळूच म्हणाला.

"मी कुठे घेतेय? त्यांनाच सांग जा."

दोघंही हसली, आणि तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. रेकॉर्डिंग करणारी गुनेलबाई हेडफोन लावून यंत्रापाशीच राहिली. त्यांचा बाप हाल्वार मात्र स्वरलिपीची जाड वही हातात घेऊन तरातरा येत होता. टीरानं आधी व्हायोलिन पेटीत ठेवलं. बाबा असे आले की वाद्य आधी बाजूला ठेवायचं, हे तिला सहाव्या वर्षापासून माहीत होतं.

वहीचा पहिला फटका कानावर बसला.

हा माणूस पोरांना मारायचा, पण हात सोडून कुठेही. पाठ, पोटऱ्या, डोकं, जे सापडेल ते. लोक पोरांना तळहाताच्या फोडासारखं जपतात; हाल्वार पोरांचे नुसते तळहातच जपायचा, बाकी पोरं गेली खड्ड्यात. घरात दोघांना पाव कापायची बंदी, चेंडू झेलायची बंदी. शाळेत मारामारी झाली की योआर दोन्ही हात काखेत खुपसून लाथा झाडायचा. पोरं त्याला पेंग्विन म्हणायची.

"इथे चिरडायचंय ते, चिरडायचं!" हाल्वार ओरडला. "तू कुरवाळतेयस! राग कुठाय तुझा?"

त्यानं तिची मान धरली आणि डोकं खांबावर आदळलं. दगडावर असा काही आवाज झाला की योआरच्या मांडीवरची पिशवी खाली पडली. टीराच्या कानामागून रक्ताची धार कॉलरमध्ये उतरली. ती रडली नाही. हात तेवढे पाठीमागे घेतले.

"बाबा, पुरे."

"तू गप बस आणि हात गरम ठेव. तुझी पाळी येतेय."

त्यानं तिची मान पुन्हा आवळली. योआरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला. बोटं मिटली, तेव्हा लांब नखं तळव्यात रुतली. बावीस वर्षांत त्यानं कधी मूठ वळली नव्हती. अंगठा आत घ्यायचा की बाहेर, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. अंगठा आतच राहिला.

पहिला ठोसा नाकावर, दुसरा जबड्यावर. तिसऱ्याला काहीतरी कडकन मोडलं, आणि ते हाल्वारचं नव्हतं.

म्हातारा दोन बाकांच्या मध्ये कोसळला. नाक फुटून शर्ट लाल झाला, योआर लाथा घालत होता, पण चेहरा वाचवायला म्हाताऱ्याचे हात काही वर आले नाहीत. दोन्ही हात त्यानं काखेत गच्च खुपसले होते.

योआरचा पाय हवेतच थांबला. हे असं कुणी शिकवल्याशिवाय येत नाही.

"हात," हाल्वार रक्त थुंकत म्हणाला. "हात दाखव."

योआर उभाच राहिला. बाप गुडघ्यांवर रांगत आला आणि त्याचा उजवा हात अलगद आपल्या हातांत घेतला. अंगठा वाकडा झाला होता, दोन नखं मुळापासून गेली होती. हाल्वार ढसाढसा रडायला लागला. त्यानं गळ्यातला मफलर काढून त्या हाताभोवती इतका हळुवार गुंडाळला की योआरला स्वतःचीच चीड आली, कारण ते बरं वाटलं.

"बर्फ आणा कुणीतरी! सूज येईल. अरे देवा, काय केलंस हे, काय केलंस!"

"बाबा, ताईचं डोकं फुटलंय."

हाल्वारनं मान वर केली. कॉलरपर्यंत भिजलेल्या लेकीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती.

"हात ठीक आहेत ना गं तुझे?"

 टीरानं व्हायोलिनच्या पेटीचं झाकण लावलं, दोन्ही कड्या अडकवल्या आणि रेकॉर्डिंगच्या लाल दिव्याखालच्या मायक्रोफोनपाशी गेली. आजवर मायक्रोफोनसमोर तिनं फक्त वाजवलं होतं.

"गुनेलबाई, बंद करा," ती म्हणाली. "आणि हीटर लावा. माझ्या भावाला थंडी वाजतेय."

 मग दिवा विझला. थोड्या वेळानं भिंतीतल्या नळ्या टकटक वाजू लागल्या, आणि गुडघ्यांवर बसलेल्या हाल्वारनं सवयीनं त्यांना गप्प करायला बोट उचललं. तिकडे कुणी पाहिलं नाही.