वळवलेली पत्रं

तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्राध्यापकांनी तिरुमलरावांना संशोधनासाठी बोलावणारं पत्र लिहिलं होतं. उत्तराचे चार मसुदे झाले, एकही धड वाटेना, आणि उत्तर राहूनच गेलं.

आता सत्तरीत म्हैसूरला पीएचडीसाठी अर्ज केल्यावर त्यांना विद्यापीठाकडून स्वतःचा ईमेल पत्ता मिळाला. आपल्या हातून काही चुकेल या धास्तीने त्यांनी तिथे येणारी पत्रं मुलीच्या, सुप्रीताच्या, ऑफिसच्या ईमेलवर वळवली. 'इथे प्रत ठेवायची?' या पडद्यावरच्या प्रश्नाला 'नको' म्हटलं. टपालात वळवलेलं पत्र मागे थोडंच राहतं? संकोचापायी तिला मात्र सांगितलं नाही.

पुढे हे विसरून ते रोज आपली ईमेलची पेटी उघडून बघत; आठवडाभर ती रिकामीच. आपला अर्ज कुणाला आवडला नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

रजा संपवून कामावर गेलेली सुप्रीता दुपारीच चामराजपुरमला त्यांच्या घरी आली.

"अण्णा, तुमची पत्रं माझ्याकडे कशी? विद्यापीठातले सर तीनदा विचारतायत, मुलाखतीला येणार का? आज पाचपर्यंत कळवायचंय!"

"पण पेटी रिकामी आहे गं."

"असणारच! सगळं माझ्याकडे धाडलंत, वर प्रत नको म्हणालात."

"मग माझं उत्तरही तुझ्याकडेच येईल?"

"अय्यो अण्णा! ते सरांकडेच जाईल. मी लिहू?"

"नको."

त्यांनी लिहिलं, खोडलं. चौथा मसुदाही पुसला. पाचला दहा मिनिटं असताना एवढंच उरलं: 'मुलाखतीला येतो. उशिराबद्दल क्षमस्व.'

डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं.

"गेलं का गं?"

"गेलं, अण्णा."