भासऱ्यासमोरची चाल

रुखमाबाईला धाकट्या जावेचं सगळंच डोळ्यांत खुपायचं, पण सर्वांत जास्त खुपायचे ते तिचे पाय. कौशल्याबाईनं पन्नाशी ओलांडली होती, तरी डोक्यावर धानाच्या रोपांचा, पऱ्ह्यांचा भारा घेऊन ती शेताच्या अरुंद, निसरड्या धुऱ्यावरून अशी झपझप निघायची, की आसगावातली माणसं हातातलं काम सोडून बघत राहायची. रिकामटेकडी मेली!

रुखमाबाईला पोरबाळ नव्हतं. जावेला जागेश्वर होता, सून होती, आणि वर हे असले पाय. मोठी सून म्हणून रुखमाबाईकडे एकच मान उरला होता: रोवण्याच्या दिवशी पहिली मूठ तिच्या हातची. तिनं चिखलात उतरून पहिले धानाचे पऱ्हे लावायचे, मग बाकीच्या बायांनी उतरायचं. पण मागच्या साली धुऱ्यावरून तिचा पाय सरकला आणि ती पऱ्ह्यांसकट बांधीतल्या चिखलात बसली. बाया पोट धरधरून हसल्या.

यंदा जागेश्वर म्हणाला, "मोठीमाय, पहिली मूठ आता माय लावन. तू पडशीन-गिडशीन." रुखमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

त्र्याऐंशी सालची ही गोष्ट. नेमक्या त्याच सुमारास नागपूरहून एक डॉक्टरीणबाई शाळेत आल्या. उतारवयाची माणसं चालताना पाऊल कसं टाकतात ते मोजून, कोण पडायच्या बेतात आहे ते त्या सांगत. तळव्यांना निळीचं पाणी लावायचं आणि लांबलचक पांढऱ्या कागदावरून चालायचं. ठसे सुटे नि सारख्या अंतरावर उमटले तर बरं. पावलं आखूड आणि बोटं फरफटलेली दिसली तर धोका. जागेश्वरला हे फार पटलं. "डॉक्टरीणबाई म्हणन थे खरं. जिले धोका, थे बांधीत उतरणार नाही," त्यानं घरात सांगून टाकलं.

रुखमाबाई जीव मुठीत धरून कागदावरून चालली. डॉक्टरीणबाईंनी ठशांना मोजपट्टी लावली, म्हणाल्या, "ठीक आहे. जरा जपून चालत जा." आता कौशल्याबाईची पाळी होती. दोघींना घेऊन आलेला रुखमाबाईचा नवरा गोमाजी तेवढ्यात तंबाखू थुंकायला उठला.

"कुठी चालले जी? बसा न इथंच," रुखमाबाई पटकन म्हणाली. "तिचं होऊ द्या."

गोमाजी बसला. तो कौशल्याबाईचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. लग्न होऊन आल्यापासून त्याच्यासमोरून ती कधी ताठ चालली नव्हती. नाकापर्यंत पदर, मान खाली, आणि जोडव्यांचा आवाज होऊ नये म्हणून पाय न उचलता घासत जायची. रुखमाबाईला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं नवऱ्याला बसवलं. कौशल्याबाई कागदावरूनही तशीच गेली, आणि मागे नुसते निळे फराटे उमटले.

"यांना सांभाळा," डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "पाय उचलतच नाहीत. कधीही पडतील."

भासऱ्यासमोर कौशल्याबाई काय बोलणार? बोलू शकली असती ती रुखमाबाई. तिनं ओठ घट्ट मिटले. आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण घरी गेल्यावर भलतंच सुरू झालं. जागेश्वरनं पवनीहून मायसाठी कॅनव्हासचे जोडे आणले. सून तिला हात धरून विहिरीवर नेऊ लागली. आणि गोमाजीनं, ज्यानं बायकोसाठी कधी कंगवा आणला नव्हता, त्यानं बांबू तासून भावजयीसाठी काठी केली आणि सुनेच्या हाती पाठवली! ती काठी बघून रुखमाबाईला रात्री भाकर गोड लागली नाही. जावेच्या पायांना काही झालेलं नाही, असं सांगून टाकावंसं वाटायचं. पण सांगितलं तर पहिली मूठ जाणार.

रोवण्याचा दिवस उजाडला. गोमाजी पलीकडच्या बांधीत बैलांमागे होता. रुखमाबाई चिखलात उतरली, पहिली मूठ लावली आणि मान वर केली. एकही डोळा तिच्याकडे नव्हता. सगळ्या बाया धुऱ्याच्या टोकाशी कौशल्याबाईला पोतं अंथरून बसवत होत्या.

मग तिला राहवलं नाही. "अवो, तिले काही झालं नाही!" ती ओरडली. "भासऱ्यासमोर पाय घासत चालली थे! मले तवाच ठाऊक होतं!"

जागेश्वर धुऱ्यावरून तिच्याजवळ आला.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं, मोठीमाय?"

रुखमाबाई वाकून लावलेले पऱ्हे पुन्हा चिखलात दाबू लागली. जागेश्वर मायकडे वळला. "माय, ऊठ. उतर तू."

कौशल्याबाई उठली, काठी बाजूला ठेवली, जोडे काढले. धुऱ्यावर एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. परत टाकलं. तेही मागे घेतलं. पडशीन, पडशीन असं सकाळ-संध्याकाळ ऐकून ते पायांनाही खरं वाटू लागलं होतं.

"मले भेव लागते, बाई," ती जावेला म्हणाली. "तुमीच लावा." आणि ती पोत्यावर जाऊन बसली.

आता कुणीतरी आपल्याला चार शिव्या घालाव्या, असं रुखमाबाईला फार वाटलं. कुणी घातल्या नाहीत. बाया एकेक करून बांधीत उतरल्या आणि तिला म्हणाल्या, "सरका वो जरा तिकडं."