उरेल तो वाटा

वाटे पाडील त्याने शेवटी उचलायचं, हा वडिलांचा शब्द. ते गेल्यावर शेताचे तीन वाटे थोरल्याने पाडले. दोरी धरून, खुंट्या ठोकून. मापात बोटभर फरक नव्हता. लबाडी होती ती मापाबाहेर. विहिरीकडचा तुकडा त्याने वर्षभर मुद्दाम तणात ठेवला होता, पंपही काढून गोठ्यात झाकला होता. ओढ्याकाठचा मात्र हिरवागार राखला. रस्त्याचा भराव पडल्यापासून पावसाळ्यात तिथे पाणी तुंबून कमरेला लागतं. शहरात गेलेल्या भावंडांना ते काय ठाऊक? ‘इतकी वर्षं मी खपलो,’ तो स्वतःला समजावी. मन मोठं लबाड, पापालाही न्यायाचा अंगरखा चढवतं.

“विहिरीला पाणी आहे ना रे दादा?” ताईने विचारलं.

“कुठलं! आटल्यातच जमा.”

“मी शेंडेफळ, पहिला मान माझा!” धाकटा हसत ओढ्याकाठी जाऊन उभा राहिला. “हा माझा. इथेच घर बांधणार. पोरींची खोली अगदी काठाला, पाणी बघत झोपतील.”

 थोरल्याचा फासा मनासारखा पडला होता. आता फक्त गप्प बसायचं.

“दादा, घामाघूम का झालास? वाटे तू पाडलेस, घाम आम्हाला फुटायचा!” धाकट्याने चिडवलं.

“काठाला नको,” तो बोलून गेला.

“का?”

देवा, आता जीभ मागे फिरू देऊ नकोस. “पाणी चढतं तिथे. कमरेपर्यंत. आणि विहीर... विहीर भरलेली आहे.”

धाकट्याचं हसू जागीच विझलं. “माझ्या पोरी बुडाल्या असत्या, दादा!” तो अंगावर धावला. ताई मध्ये शिरली. तिने खाली पडलेला हातोडा उचलला, एकामागून एक खुंट्या उपटल्या.

“आता वाटे मी पाडते,” ती म्हणाली. “म्हणजे उरेल ते माझं. मला जमिनीतलं ओ की ठो कळत नाही. कुठे पाणी, कुठे खडक, तू सांगशील तसंच मी ठोकणार. फसवायचं तर आता मला फसव.”

धाकटा तोंड फिरवून उभा होता. थोरला डोळे न पुसताच पुढे झाला.

“दोरी विहिरीपासून धर,” तो म्हणाला. “तिघांचाही बांध तिला टेकला पाहिजे.”