मुकी केलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मी गिटारीचं सोंग आहे. मला तारा नाहीत, खुंट्या नाहीत, पोटात गाणं नाही. मानेवर पाच रंगीत बटणं, छातीवर वरखाली हलणारी एक दांडी आणि पाठीत दोन सेल, एवढाच माझा संसार. टीव्हीवरच्या खेळात रंगीत गोळे घरंगळत खाली येतात. ज्या रंगाचा गोळा, त्या रंगाचं बटण दाबायचं आणि त्याच क्षणी दांडी हलवायची, की टीव्हीतली गिटार वाजते. वाजते ती, मिरवते मी.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. तिथली एक बाई प्रत्येक बटण कानाजवळ धरून दाबायची. टक् झालं की पुढे, नाही झालं की बाजूला. मी पाचही वेळा टक् केलं आणि पास झाले. मग एका घरात मुलांनी मला गळ्यात अडकवून पलंगावर उड्या मारल्या. काही वर्षांनी मुलं मोठी झाली, खेळ जुना झाला, आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात एका बंद पंख्याशेजारी लटकत राहिले. किती दिवस ते मला ठाऊक नाही. धूळ मोजता येत नाही.

तिथून मला एक मुलगी घेऊन गेली. स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी.

तिचे बाबा केस कापायचे. बाजाराच्या कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून होतं. एक खुर्ची त्यांची, एक भागीदाराची. एके सकाळी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवतानाच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात परत आला. हात खांद्यात आला, कोपरात आला, बोटांत यायचं मात्र विसरला. बोटं जड आणि बधिर. गरम कप टेकला तरी कळायचं नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, पहिले सहा महिने हातचे जाऊ देऊ नका, बोटांना जे यायचं ते बहुतेक तेवढ्यातच येतं. भागीदारानंही तेच सांगितलं होतं. सहा महिने तुझ्या खुर्चीत कुणाला उभं करत नाही, म्हणाला. पुढचं मला झेपणार नाही.

म्हणून मी आले. मुलीनं मला बाबांच्या गळ्यात उलटी घातली, म्हणजे उजवी बोटं बटणांवर आणि डावा हात दांडीवर. पहिल्या दिवशी बाबा स्वतःलाच हसले. म्हणाले, या वयात मला बँडमध्ये घातलं पोरीनं.

पण दुसऱ्या आठवड्यात पहिलं बोट हिरव्या बटणावर उतरलं. टक्. बाबा थांबले. पुन्हा दाबलं. टक्. बोटाला काही कळत नव्हतं, कानाला कळत होतं. जिथे स्पर्श पोचत नव्हता तिथे माझा आवाज पोचत होता. तेव्हापासून ते बोटांना गिऱ्हाइकांसारखं बोलावू लागले. चला, पुढचं कोण? या, तुम्ही बसा. तुम्ही थांबा हो करंगळीबाई, तुमचा नंबर शेवटी. असं करत करत तिसऱ्या महिन्यात तीन बोटं आपापल्या बटणावर बसायला शिकली. व्यायामाच्या बाईंनी फणी पुढे केली, तर बाबांनी ती दहापर्यंत आकडे म्हणून होईस्तोवर धरून ठेवली. मला तेव्हा वाटलं, आपण सोंग असलो म्हणून काय झालं.

आता आईचं सांगते. घर दोन खोल्यांचं. बाबांचा हात थांबल्यावर आईनं घरूनच फोन घ्यायचं काम धरलं होतं. कुणाचं धुण्याचं मशीन बिघडलं, कुणाचा फ्रीज गार होत नाही, लोक चिडून फोन करायचे आणि आई दिवसभर गोड आवाजात त्यांच्या तक्रारी लिहून घ्यायची. तिचं टेबल आणि आमचा टीव्ही यांच्या मध्ये एक पडदा, तोही कापडाचा. टीव्हीचा आवाज बाबा बंदच ठेवायचे. पण माझी दांडी. वर खट्, खाली खट्, मिनिटाला शंभर खट्. फोन तपासणाऱ्या साहेबीणबाईंनी आईला विचारलं, घरात टाइपरायटरचा क्लास चालवता का? दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, लेखी समज दिली. तिसरी समज आली की काम जाणार होतं, आणि घरात येणारा पगार तेवढाच होता.

म्हणून आईनं आपल्या भावाला बोलावलं. तो शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. कशालाही एक थेंब तेल सोडलं की दुनिया सुरळीत चालते असा त्याचा विश्वास, म्हणून सगळे त्याला थेंबमामा म्हणायचे. रविवारी दुपारी त्यानं मला टेबलावर पालथी घातली आणि माझे अकरा स्क्रू काढले. दांडीखाली दोन स्विच होते, त्यांतल्या कडक पत्त्या त्यानं काढून मऊ बसवल्या. दांडी जिथे आपटायची तिथे नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे चिकटवले. पोकळीत स्पंज भरला. इथेच तो थांबला असता तर मित्रांनो, ही गोष्ट मी तुम्हाला हसत सांगितली असती.

पण थेंबमामा अर्धं काम करणारा माणूस नव्हता. हात घातलाच आहे तर पुरतं करू, म्हणाला, आणि माझ्या मानेतले पाचही टकटकणारे स्विच उपटून त्या जागी जुन्या कॅल्क्युलेटरचं मऊ रबर बसवलं. दांडी हलवली, आवाज नाही. बटण दाबलं, आवाज नाही. आई पडद्यामागून म्हणाली, कधी सुरू करतोयस रे? आणि तिला कळलं की सुरूच आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीनं मामाला मिठी मारली. त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं तेवढं उभ्या जन्मात झालं नव्हतं. बाबांनीही मला वाजवून पाहिलं आणि म्हणाले, छान झालंय.

दुसऱ्या दिवसापासून बोटं चुकू लागली.

गोळे यायचे, दांडी हलायची, आणि टीव्हीवर सगळं हुकलेलं दिसायचं. कुठलं बोट हुकलं, ते बसलंच नाही की उशिरा बसलं, हे सांगणारी मी आता मुकी होते. बाबांनी बोटांकडे पाहावं तर गोळे निसटत, गोळ्यांकडे पाहावं तर बोटं. ते हळूहळू कमी खेळू लागले. मग मला मांडीवर घेऊन नुसते बसू लागले. मुलीनं विचारलं की सांगायचे, झाला आजचा सराव. पडद्यापलीकडे आई आता निवांत बोलायची, मध्येच एखाद्या गिऱ्हाइकाशी हसायचीसुद्धा. ते हसणं ऐकलं की बाबा मला अजूनच घट्ट धरायचे. दिवसभर परक्यांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या त्या घरात एक तक्रार कुणी केलीच नाही.

पाचव्या महिन्यात व्यायामाच्या बाईंनी फणी दिली, ती खाली पडली. त्यांनी विचारलं, सराव बंद आहे का? बाबा म्हणाले, नाही. बोटं तळहाताकडे वळू लागली होती.

मुलीच्या लक्षात आलं ते त्यानंतरच्या एका सकाळी. आई बाहेर गेली होती. बाबा खेळत होते आणि मुलगी शेजारी बसून त्यांच्या हाताकडे पाहत होती.

“बाबा, बोट टेकलंच नाहीये.”

“टेकलंय की.”

“अहो बघा ना. वरच्या वर आहे.”

बाबांनी पाहिलं. बोट बटणाच्या वर तरंगत होतं. मग म्हणाले, “आधी टक् व्हायचं ना गं. त्यावरून कळायचं.”

“मग सांगायचं नाही का आम्हाला?”

“काय सांगू? तुझ्या आईला म्हणू, तू काम सोड, मला आवाज हवाय?”

मामा त्याच दिवशी धावत आला. सगळं ऐकून मटकन खाली बसला. बटणांचा आवाज पडद्यापलीकडे जातच नव्हता, तो म्हणाला. बोंबलत होती ती दांडी. मी आपली हौस केली. त्यानं कुठून कुठून तसले स्विच शोधून आणले, माझे अकरा स्क्रू पुन्हा काढले. त्यात आठवडे गेले. माझी बटणं पुन्हा बोलू लागली, पण तोवर बाबांची बोटं मुठीत मिटली होती. मुलीनं एकेक बोट उलगडून बटणावर ठेवलं. हात सोडला की ते परत मिटायचं. सात दिवस तिनं प्रयत्न केला. आठव्या दिवशी बाबाच म्हणाले, राहू दे आता.

सहा महिने उलटल्यावर भागीदार येऊन गेला. बाबांच्या कात्र्या त्यानं स्वच्छ टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या. चहा अर्धा ठेवून गेला. त्या खुर्चीमागे आता दुसरा कुणी उभा असतो.

मला कपाटावर ठेवलंय, सेल काढून. इथून दोन्ही खोल्या दिसतात. महिन्यातून एकदा मुलगी बाबांना खिडकीजवळ बसवते आणि त्यांच्याच कात्रीनं त्यांचे केस कापते. तिला काही येत नाही. कानामागे पायऱ्या पडतात, मानेवर एक बाजू वर, एक खाली. कापून झालं की ती आरसा धरते आणि विचारते, बरं झालंय का?

बाबा डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात. तीस वर्षं लोकांची डोकी सारखी करणारा तो माणूस म्हणतो, छान झालंय.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी ‘छान झालंय’ म्हणालं, तर लगेच उठून जाऊ नका. जरा वेळ तिथेच बसा, आणि त्याच्या हाताकडे बघा.