बारा वाव

सकाळी दहालाच जलाशयाचा काठ तव्यासारखा तापला होता, तरी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. समोर खोल पाण्यात सगळा धक्का जिला मावशी म्हणतो तिच्या होडीत बसून शीतलबाबांनी तांब्याची बंद सुरई दोरीनं खाली सोडली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि दोरी ओढून घेतली. होडी धक्क्याला लागली आणि पुढच्या रांगेतल्यांच्या ओंजळीत पाणी पडलं. लोक शहारले. माठातल्यापेक्षा गार पाणी, तेही भर उन्हाळ्यात. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. बाबांच्या मते तो पाताळातला धूप होता. भक्तांनी श्वास रोखून पाणी डोळ्यांना लावलं.

वीस दिवस सगळ्यांची जाळी रिकामी येत होती. बाबांचं निदान असं, की जलदेवी रुसली आहे. उपाय असा, की जिच्यातून देवीनं प्रसाद दिला ती होडी रविवारी बाबांच्या चरणी वाहायची. नवरा गेल्यापासून मावशी त्याच होडीतून एकटी जाळं टाकत आली होती. होडी गेली तर तिला धक्क्यावर बसून दुसऱ्यांचे मासे साफ करावे लागले असते. बाकीचे होडीवाले तिला म्हणाले, नशीबवान आहेस, देवीनं तुझीच निवडली. आपलीही निवडावी असा हट्ट मात्र कुणी धरला नाही.

धक्क्याच्या तोंडाशी एक फळा आहे. जलाशय कार्यालयातली मोजणीबाई रोज त्यावर पाण्याची स्थिती लिहायची: वर एकतीस अंश, सात मीटरवर पंचवीस, बावीस मीटरवर अठरा, मासे सात मीटरच्या आसपास. तो कुणी वाचत नसे, कारण धक्क्यावर मीटर चालत नाही. इथं वाव चालतो. दोन्ही हात पसरून दोरी ताणली, की एक वाव. जाळं दोन वावांवर सोडायचं, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. फळा वाचणारा माणूस एकच. बाबा रोज त्याच्यासमोर उभं राहून चहा पीत.

बाईच्या हे लक्षात आलं. शनिवारी तिनं मावशीला विचारलं, बाबा दोरी किती सोडतात? मावशीनं बोटांवर न मोजता सांगितलं, बारा वाव. मग एक बारीक दोरा हिसकतात, तो मंत्राचा भाग असावा. बाईनं मनात हिशेब केला. बारा वाव म्हणजे बावीस मीटर, फळ्यावरचं अठरा अंशांचं पाणी; आणि दोरा बुचाचा. तिनं ते मावशीला सांगितलं.

रविवारी बाबांनी हात उंचावले. "भक्तहो, इथं शंकेला वाव नाही."

"आहे की, बाबा," मावशी म्हणाली. "बारा आहेत. मी मोजले."

आधी एक जण हसला, मग सगळा धक्का. मावशीनं तेलाची रिकामी बाटली घेतली, तिला दगड बांधला, तोंडाला बूच आणि बुचाला दोरा. मग सगळ्यांदेखत होडी खोल पाण्यात नेली, बारा वाव दोरी सोडली, दोरा हिसकला, बाटली वर घेतली. पाणी तितकंच गार. वासही तोच. हे आपल्या सान्निध्यामुळे, असं बाबा म्हणाले. बाईनं शांतपणे सुचवलं, मग दोन वावांवरून गार पाणी काढून दाखवा.

"देवी उन्हाळ्यात इतक्या वर राहत नाही," बाबा म्हणाले.

"मग मासे तरी कसे राहतील?" मावशीनं विचारलं.

बाईनं समजावून सांगितलं. उन्हानं तापलेलं पाणी हलकं होऊन वर तरंगतं, गार जड पाणी तळाशी राहतं, आणि गेल्या वीस दिवसांसारखा वारा पडलेला असला की दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी पालापाचोळा कुजतो, त्याचा वास येतो, तिथं श्वासापुरतीही हवा उरत नाही. माशाला गारवाही हवा आणि श्वासही, म्हणून तो मधे थांबतो. सात मीटर म्हणजे चार वाव.

सोमवारी मावशीनं चार वावांवर जाळं सोडलं. ओढताना तिला शेजारच्या होडीवाल्याला हाक मारावी लागली. बाबा तोवर पहिल्या गाडीनं गेले होते. सुरई होडीतच राहिली. मावशीनं तिची अरुंद मान कापून टाकली आणि आता त्या भांड्यानं होडीत साचलेलं पाणी उपसते.

चूक बाईचीही होती, आणि तिनं ती मान्य केली. खरी गोष्ट रोज लिहूनही ती लोकांच्या मापात लिहिली नव्हती. आता फळ्यावर वाव असतात आणि समोर गर्दी असते. कुणी चमत्कार दाखवला तर डोळे मिटू नका. दोरी हातात मागून घ्या आणि मोजा.